वाहवा काका 'वा' म्हणाले नाहीत

शनिवारी दुपारी बालवाडीच्या वर्गात जमणाऱ्या मंडळींना पाहून कुणालाही हसू आलं असतं. त्या वर्गातल्या खुर्च्या चार वर्षांच्या पोरांच्या मापाच्या. त्यांवर पन्नाशी-साठीची माणसं बसली की गुडघे थेट हनुवटीला भिडायचे. त्या अवघडलेल्या अवस्थेत ही मंडळी माणसाच्या सुखदुःखावर, संवादांवर आणि पडदा कधी पडावा यावर तावातावाने बोलत. मागच्या भिंतीवर ससा, हत्ती आणि बहुधा सूर्य असं काहीतरी चिकटवलेलं असे.

ही सगळी नाटककार मंडळी. म्हणजे पोटापाण्यासाठी दुसरंच काहीतरी करणारी आणि उरलेल्या वेळात छोटी नाटकं, एकपात्री लिहिणारी. त्यांची नाटकं क्वचितच कुठे रंगमंचावर यायची. त्यामुळे लिहिलेलं कुणाला तरी ऐकवायचं आणि दुसऱ्याचं मनापासून ऐकायचं, एवढ्यासाठी हा शनिवार होता. एरवी लेखक माणूस दुसऱ्याचं मनापासून ऐकतो यावर माझा विश्वास नाही, पण ही मंडळी ऐकायची खरी.

त्यांची एक पद्धत होती, आणि ती त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सुचली नसती. नाटक टाइप करून आणायचं, त्यावर नाव घालायचं नाही, घडी करून खडूंच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचं. डब्यातून एकाने एक घडी काढायची आणि त्यानेच ते तिथल्या तिथे मोठ्याने वाचायचं. वाचून झालं की वाचणाऱ्याने आधी बोलायचं, मग बाकीच्यांनी एकेक करून. आणि यातली खरी गंमत म्हणजे, ज्याने ते लिहिलंय त्यानेही आपली पाळी आली की दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं बोलायचं. नाव शेवटपर्यंत फोडायचं नाही. हेतू हा की कौतुक नाटकाचं व्हावं, माणसाचं नको.

अर्थात सगळ्यांना सगळं कळायचं. बँकवाला स्वतःचं नाटक आलं की त्याच्यावर इतकं तोंडसुख घ्यायचा की कुणाचं आहे ते आंधळ्यालाही दिसावं. शिवाय त्याच्या नाटकात शेवटी सगळे मरायचे. मास्तर गणिताचे, त्यांच्या पात्रांना एकमेकांचं म्हणणं ताबडतोब पटायचं. पण कळूनही न कळल्याचं दाखवायचं, हा त्यांचा आपसातला सभ्यपणा होता.

आणि या सगळ्यांना शनिवारी ओढून आणणारा माणूस म्हणजे चष्मेवाले काका. त्यांना पाठीमागे सगळे वाहवा काका म्हणत, आणि हे काकांना ठाऊक होतं. दिवसभर दुकानात ते गिऱ्हाइकांच्या डोळ्यांसमोर भिंगं सरकवत विचारायचे, "आधीचं बरं की आत्ताचं?" शनिवारी मात्र त्यांना सगळंच बरं वाटायचं. नाटक कितीही पांगळं असो, त्यातलं एखादं वाक्य काका अचूक उचलायचे, डोळे मिटून पुन्हा म्हणायचे, आणि मग मान हलवून म्हणायचे, "वा!" त्या एका 'वा'साठी मंडळी आठवडाभर जीव टाकायची. हे काही खोटं कौतुक नव्हतं. काकांना ते वाक्य खरंच सापडायचं. फक्त ते कुणाला कधी 'इथे चुकलंय' म्हणाले नव्हते. दुसऱ्याला वाईट वाटेल असं बोलणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं, आणि लोक याला चांगुलपणा म्हणत.

काकांनी स्वतः मात्र डब्यात बऱ्याच दिवसांत काही टाकलं नव्हतं. कुणी विचारलं की म्हणायचे, "ही येऊ दे परत, मग बसतो लिहायला."

ही म्हणजे काकू. मुलीला मुलगा झाला तेव्हा काकू महिनाभरासाठी म्हणून तिच्या गावी गेल्या. मुलगी नोकरीवर रुजू झाली, तेव्हा बाळाला कोण बघणार म्हणून राहिल्या. मग बाळ आजारी पडलं म्हणून राहिल्या, मग ते रांगायला लागलं म्हणून राहिल्या. आता ते बाळ दप्तर घेऊन शाळेत जात होतं आणि त्याचे पुढचे दात पडले होते. काकू काही आल्या नव्हत्या. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता, कुणी कुणाला काही बोललं नव्हतं. शेजारचे विचारायचे, "काकू कधी येणार?" आणि काका म्हणायचे, "पुढच्या महिन्यात." शेजाऱ्यांनी पुढे पुढे विचारणं सोडलं, पण काकांनी वाट बघणं सोडलं नव्हतं. वर्षातून दोनदा ते मुलीकडे जायचे, पाहुण्यासारखे चार दिवस राहायचे, सगळ्यांची तारीफ करायचे आणि परत यायचे.

दर रविवारी फोन व्हायचा. काकू म्हणायच्या, "सगळं ठीक ना?" काका म्हणायचे, "एकदम. तू माझी काळजी करू नकोस. सावकाश ये." मग नातू दोन शब्द बोलायचा आणि फोन संपायचा. त्यानंतर काका स्वयंपाकघरात एका माणसाचं जेवण करायचे, आणि एका माणसाचं करायला जमत नसल्यामुळे तेच दुसऱ्या दिवशीही खायचे. टीव्ही लावून ठेवायचे, बघायचे नाहीत. त्यांना फार एकटं वाटायचं. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं, आणि आपण सांगितलेलं नाही हे त्यांच्या कधी ध्यानातही आलं नव्हतं.

त्या शनिवारी डब्यातून घडी काढायची पाळी काकांची होती.

त्यांनी घडी उलगडली. एकपात्री होतं, बाईचं. बाईचं पात्र पुरुषाच्या वाट्याला आलं की मंडळींमध्ये जरा खसखस पिकायची, तशी पिकली. काकांनी घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली.

एक बाई मुलाच्या घरी पलंगाच्या कडेला बसलेली आहे. पुढ्यात भरलेली बॅग. घरात दुसरं कुणी नाही, म्हणून ती बॅगेशी बोलते. ती आली होती थोड्या दिवसांसाठी, राहिली बरीच. नवरा दूर, आपल्या घरी. तो फोन करतो. 'माझी काळजी करू नकोस म्हणतो,' ती बॅगेला सांगते. 'अरे बाबा, काळजी करायला काहीतरी ठेव की माझ्यासाठी!'

इथे मंडळी हसली. काका हसले नाहीत. त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं.

'मी रोज बॅग भरते आणि रोज रिकामी करते,' बाई पुढे म्हणत होती, काकांच्या घोगऱ्या आवाजात. 'तो म्हणतो, सावकाश ये. सावकाश ये म्हणजे काय? सावकाश तर म्हातारपणही येतं. तू ये म्हण ना. एकदा म्हण, तू नाहीस तर हे घर म्हणजे नुसत्या भिंती. एवढं म्हटलंस तर या बॅगेची चेन लावायच्या आत मी गाडीत असेन.'

वर्गात आता कुणी हसत नव्हतं. काका सुरुवातीला वाचत होते ते वाचणं राहिलं नव्हतं. ते कुणाशी तरी बोलत असल्यासारखं झालं होतं. शेवटी फोन वाजतो. बाई उचलते, ऐकते, आणि म्हणते, 'हो. सगळं ठीक आहे.' मग बॅगेतून एकेक साडी काढून कपाटात ठेवू लागते.

काकांनी कागद खाली ठेवला.

आता काकांनी बोलायचं होतं. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. कुठलं वाक्य उचलतील, काळजीचं की म्हातारपणाचं, याचा प्रत्येकाने मनातल्या मनात अंदाज बांधला होता. काका खिडकीकडे बघत राहिले.

"पुढच्याला बोलू द्या," ते शेवटी म्हणाले.

असं कधी झालं नव्हतं. मास्तरांनी बँकवाल्याकडे पाहिलं. मग वेळ मारून न्यावी म्हणून मास्तर बोलले. म्हणाले, निर्जीव वस्तूशी बोलणारं पात्र आपण बरंच पाहिलंय, पण इथे मांडणी स्वच्छ आहे. बँकवाला म्हणाला, "सगळं ठीक आहे, पण बाई शेवटी मरायला हवी होती." एरवी यावर हशा झाला असता.

मग पाळी आली नर्सबाईंची. ही मंडळीतली सगळ्यात नवी. सरकारी दवाखान्यात वॉर्डात काम करायची, चाळिशीची असेल. ती मांडीवरचा रुमाल चुरगळत होती. तिचा चेहरा पडला होता. म्हणाली, "मला वाटतं, ज्याने कुणी लिहिलंय त्याला अजून जमत नाही. त्याने लिहू नये."

झालं. सगळ्यांना कळलं. ज्या माणसाने बँकवाल्याच्या सामूहिक मरणातही 'वा' शोधला होता, त्याने हिच्या नाटकावर तोंड उघडलं नव्हतं. बिचारीला वाटलं असणार, आपल्याइतकं वाईट इथे कुणीच लिहिलेलं नाही. आणि नियम असा की तिला विचारताही येईना आणि बाकीच्यांना समजूतही घालता येईना. चहा आला तेव्हा काका वर्गात नव्हते. छत्री घेऊन केव्हाच निघून गेले होते.

रविवारी फोन झाला. काकू म्हणाल्या, "सगळं ठीक ना?" काका तोंड उघडून थांबले. मग म्हणाले, "हो. ठीक." फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःचा इतका राग आला की ते जेवलेच नाहीत.

सोमवारी दुपारी नर्सबाई दुकानात आली. म्हणाली, जवळचं अंधुक दिसतंय. तिला उत्तम दिसत होतं, हे काकांना पहिल्या भिंगातच कळलं. पण तिने हनुवटी यंत्रावर टेकवली होती, म्हणून तेही भिंगं बदलत राहिले.

"आधीचं बरं की आत्ताचं?"

"काका, एवढं वाईट होतं का ते?"

काकांनी हातातलं भिंग खाली ठेवलं.

"तुमचा नियम मोडतेय मी," ती म्हणाली. "मोडू दे. माझी झोप उडालीय. तुम्ही सगळ्यांना वा म्हणता. त्या बँकवाल्या दादांच्या नाटकात मागे कुत्रासुद्धा मेला, तरी म्हणालात. माझं वाचून तुम्ही चहासुद्धा न पिता उठून गेलात. मी आता बंद करते लिहिणं. फक्त काय चुकलं तेवढं सांगा."

"काही चुकलं नाही गं," काका म्हणाले. "वा म्हणायला माणसाला जरा लांब उभं राहावं लागतं. मला लांब होताच येईना."

तिला कळलं नाही. काकांनी स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसले. "ती बाई कोण आहे? कुणावरून लिहिलंस?"

"कुणावरून नाही. आमच्या वॉर्डाबाहेर बाक आहेत. पेशंटची माणसं तिथे बसून घरी फोन करतात. सगळे एकच बोलतात, इकडे सगळं ठीक आहे. आत काय चाललंय ते मला ठाऊक असतं ना! मला वाटायचं, एकाने तरी बोलावं की ठीक नाहीये म्हणून. तेवढ्यावरून सुचली ती."

"मग तो नवरा जर म्हणाला असता, ये. तर ती आली असती?"

"नाटकात आली असती."

"आणि खऱ्यात?"

"ते मला कसं कळणार, काका? मी नुसती लिहिते." मग तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं, आणि तिचा आवाज एकदम खाली आला. "काकू कुठे असतात तुमच्या?"

काका काही बोलले नाहीत. ती नर्स होती. काही न बोलणाऱ्या माणसांशी कसं वागायचं ते तिला ठाऊक होतं. ती थोडा वेळ नुसती बसून राहिली.

"मी आजवर कितीतरी नाटकांना वा म्हटलं," काका म्हणाले. "ऐकलं मात्र हे एकच. तू लिही. बंद केलंस तर मला फार वाईट वाटेल."

तिचे डोळे भरून आले. चष्म्याची तिला गरज नाही असं काकांनी तिला सांगितलं, आणि ती हसत, डोळे पुसत गेली. एका 'वा'पेक्षा तिला बरंच जास्त मिळालं होतं, आणि मला वाटतं तिला ते कळलंही होतं.

ती गेल्यावर काकांनी दुकानाचं दार ओढून घेतलं. आता त्यांनी जे केलं ते फक्त नाटकवालाच करू जाणे. दुसरा कुणी असता तर सरळ फोन लावून मोकळा झाला असता. काकांनी तालीम केली. आरशांनी भरलेल्या त्या दुकानात उभं राहून नाटकातलं ते वाक्य त्यांनी हळू म्हणून पाहिलं, मोठ्याने म्हणून पाहिलं, 'नुसत्या'वर जोर देऊन, मग 'भिंती'वर देऊन. जमलं असं वाटल्यावर फोन लावला.

"काय झालं?" काकूंनी घाबरून विचारलं. "आज सोमवार आहे!"

"काही नाही झालं. तुला एक सांगायचंय."

"बरे आहात ना?"

"ऐक तर. तू नाहीस तर हे घर म्हणजे नुसत्या भिंती आहेत. तू ये."

काकांना वाटलं, आता ती बॅग भरायला कपाट उघडत असेल.

"हे वाक्य तुमचं नाही," काकू म्हणाल्या.

लग्न झाल्यापासून काकांचं प्रत्येक नाटक आधी या बाईने ऐकलं होतं, भाजी निवडता निवडता, कपड्यांच्या घड्या घालता घालता. तिला फसवणं शक्य नव्हतं, आणि इतक्या वर्षांनी त्यांना ते विसरायला झालं होतं.

"नाही," ते म्हणाले. "शनिवारच्या एका बाईने लिहिलंय."

"चांगलं आहे वाक्य. तुमचं काय आहे ते सांगा."

सांगायला गेले तर काही सुचेना. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं उचलून देणाऱ्या माणसाला स्वतःचं एक सापडेना. काकू थांबल्या होत्या. फोनमधून त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता.

"मी दुपारी दुकान बंदच करत नाही," काका शेवटी म्हणाले. "घरी जेवायला जावं लागेल म्हणून. इथेच डबा खातो. गिऱ्हाईक आलं तर खाता खाता उठतो. बरं वाटतं कुणी आलं तर. आणि तुझी गरम पाण्याची पिशवी आहे ना, ती फुटलीय. मी वापरत होतो. टाकवत नाही मला ती. आणि मी तुला सावकाश ये म्हणतो ते खोटं म्हणतो. मला इथे करमत नाही गं. अजिबात करमत नाही."

हे काही चांगलं लिहिलेलं नव्हतं. शनिवारी मास्तरांनी याच्या मांडणीचे वाभाडे काढले असते. पण काकू बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता.

"बाळ चालायला लागलं तेव्हा हे बोलला असतात ना, तर मी दुसऱ्या दिवशी आले असते."

"आणि आता?"

"आता माझं इथे बस्तान बसलंय हो. सकाळी त्याला शाळेत सोडते, तशीच तळ्याकाठी फिरायला जाते. तिथे दोघी-तिघी आहेत ओळखीच्या. पेटी शिकतेय मी. कुणाला सांगितलं नाही, पण शिकतेय. मला इथे आवडतं." त्या थांबल्या. "मी परत नाही यायची. हे तुम्हाला कितीदा सांगायला घेतलं, पण तुम्ही लगेच म्हणायचात, राहा गं, मी मजेत आहे. मग मला वाटायचं, मजेत असलेल्या माणसाला काय सांगायचं? तुम्हीच इकडे या म्हणायचं होतं, पण मजेत असलेल्या माणसाला तेही कसं म्हणायचं?"

दार ओढलेलं असूनही कुणीतरी बाहेरून काचेवर टकटक केलं, आत वाकून पाहिलं आणि निघून गेलं. काकांना बरंच काही म्हणता आलं असतं. पेटीबद्दल कौतुक करता आलं असतं. ते वाक्य तोंडात तयारही झालं होतं, आणि ते त्यांनी गिळलं.

"मला हे मुळीच आवडलेलं नाही," ते म्हणाले.

"माहीत आहे," काकू हळूच म्हणाल्या.

त्यानंतर दोघंही बोलले नाहीत आणि दोघांनीही फोन ठेवला नाही. काका स्टुलावर बसून होते. पलीकडे कुठेतरी नळ वाहत होता, कुणीतरी तो बंद केला. मग दार आपटल्याचा आवाज आला, पावलं धावत आली, आणि पुढचे दात पडलेल्या तोंडाचा बोबडा आवाज अगदी जवळून आला.

"आजी, फोनवर कोण आहे?"

"आजोबा."

"मग तू बोलत का नाहीस?"

"ते रडतायत," काकू म्हणाल्या. "थांब जरा. त्यांचं होऊ दे."

काकांनी गालाला हात लावून पाहिला. तिचं बरोबर होतं.